शेवटच्या डब्यातले हसणारे

मंगळवार, ३ मार्च

तो मिशीवाला तपासनीस आजही माझा पास न बघता पुढे गेला.

सकाळची गाडी, माझा नेहमीचा तिसरा डबा. शेजारणीचा पास त्याने उलटासुलटा करून बघितला. समोरच्या म्हाताऱ्याला तर चष्मा काढायला लावून फोटोशी तोंड ताडून पाहिलं. मी पास हातात धरून बसलेली. माझ्यापाशी आला, खिडकीबाहेर काहीतरी असल्यासारखं बघितलं आणि सरकला पुढे. हिवाळ्यापासून हेच चाललंय. बाकी सगळ्यांचा पास बघायचा आणि माझाच नाही, म्हणजे या माणसाला माझ्याबद्दल काहीतरी माहीत आहे.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, लोकांचा पास बघितला की लोक चिडतात. तुझा बघितला नाही म्हणून तू चिडतेस. धन्य आहे तुझी."

"चिडत नाहीये. विचार करतेय."

"मग तो विचार लिहून काढत जा ना. रोज जेवणाच्या वेळेला मला ऐकवू नकोस. इकडे तुझा जावई माझी पोळी पण संपवतो."

म्हणून लिहायला बसले. कोणासाठी नाही, डोक्यात गर्दी झालीय म्हणून.

गुरुवार, ५ मार्च

मी शिकलेली बाई नाही. शाळा लवकर सुटली. अक्षरं आमच्या धुलाईच्या कारखान्यात पक्की झाली, कपड्यांच्या गाठोड्यांना लावलेल्या चिठ्ठ्या वाचून. पुढे वाचनालय लावलं आणि रहस्यकथांची गोडी लागली. त्यातला हुशार माणूस काय करतो, तर न जुळणाऱ्या गोष्टी आधी समोर मांडतो. मीही मांडते.

आमच्या शहरात वर्षातून दोनदा परेड निघते, एप्रिलात आणि नोव्हेंबरात. नोव्हेंबरच्या परेडच्या दिवशी हे गेले. परेड बघून परतणाऱ्या लोकांनी संध्याकाळची गाडी नेहमीसारखी खचाखच भरली होती. त्या दिवशीच्या गाड्या कशा असतात ते या लाइनवर सगळ्यांना ठाऊक आहे. लोक प्यायलेले असतात, सीटवर उभे राहून नाचतात, दारं बंद होऊ देत नाहीत. शहाणी माणसं त्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत. ह्यांना वखारीत काम होतं, म्हणून जावं लागलं. दरवर्षीच लागायचं. हे वखारीत मालाची वजनं करायचे. शांत माणूस. घरात रेडिओ जरा मोठा झाला तरी उठून बारीक करणारे.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ते मी मानते. पण बाकीचं?

हे कायम पुढच्या डब्यात बसायचे, कारण वखारीकडचा जिना पुढे आहे. त्या दिवशी सापडले ते शेवटच्या डब्यात. सगळ्यात जास्त धिंगाणा असतो तिथे. गालावर निळ्या रंगाचा पट्टा होता. तसले पट्टे परेडवाले ओढतात. ह्यांनी आपणहून कशाला ओढून घेतला असता? कोटाच्या खिशात एक शिट्टी होती, पत्र्याची. आमच्या घरात कधी शिट्टी नव्हती.

आणि शेजारच्या डब्यातल्या एका चष्मेवाल्या बाईने मधल्या दाराच्या काचेतून बघितलं. ह्यांना न्यायला मी स्टेशनवर गेले तेव्हा तिनेच मला गाठून सांगितलं. "तुमचे मिस्टर खाली पडले होते, आणि अख्खा डबा त्यांच्याभोवती बसून हसत होता हो. एक तपासनीस पण होता, टोपी घातलेला. तो पण हसत होता."

ते वाक्य ऐकल्यापासून मी रेल्वेच्या मागे लागले. तक्रार केली. कोणीतरी माझ्या माणसाला बळजबरीने त्या डब्यात ओढलं, त्याला रंग फासला, नाचवलं, आणि तो मरताना त्याची मजा बघितली. रेल्वेच्या साहेबांनी सुनावणी ठेवलीय, वीस एप्रिलला.

मंगळवार, १० मार्च

आज फार वाईट झालं.

कारखान्यात मी चादरींवर आहे. गरम रुळातून चादर बाहेर आली की दोघी मिळून ती घडी करतो. चार कोपरे, दोन बायका, तोंडासमोर तोंड. माझ्या जोडीदारणीला सगळे भोंगा म्हणतात, कारण मशीन चालू असतानाही तिचं बोलणं गेटपर्यंत ऐकू जातं. तिचा दीर त्याच वखारीत पहारेकरी आहे. हे मला माहीत होतं, पण मी कधी त्याचा विचार केला नव्हता.

भोंगा म्हणाली, "आता एप्रिलची परेड आली. आमच्या दिराला बरी सुट्टी मिळते बाई. आपल्याला मात्र हॉटेलांच्या चादरी."

"त्याला कसली सुट्टी? परेडला वखार चालू असते."

"कोण म्हणालं? परेडला वखारीला टाळं असतं. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय मी."

माझ्या हातून कोपरे सुटले. चादर जमिनीवर. ती पुन्हा धुवायला गेली आणि मुकादम ओरडला. भोंग्याने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "अगं, माझं चुकलं असेल. मला काय कळतंय."

तिचं चुकलेलं नाही. मी जेवणाच्या सुट्टीत तिच्या दिराला फोन लावायला लावला. टाळं असतं. कायम असतं.

म्हणजे दरवर्षी, प्रत्येक परेडला, हे मला सांगून जायचे की वखारीत काम आहे, आणि उशिरा यायचे. दमलेले, पण चेहरा तुकतुकीत. मी विचारायचे, "फार काम होतं का?" हे म्हणायचे, "होतं." एवढंच.

शनिवार, १४ मार्च

ह्यांचं कपाट उपसलं. सगळे खिसे, चपलांचे खोके, कोटाचं अस्तर. मला काय सापडायला हवं होतं? बाईचा रुमाल? सापडला असता तर बरं झालं असतं. निदान भांडायला तोंड मिळालं असतं.

काही नाही. एका शर्टाच्या कॉलरवर निळा डाग. धुवूनही न गेलेला. मीच धुतला असणार आणि मला दिसला नाही. दिवसभर लोकांच्या चादरींवरचे डाग शोधते मी, आणि घरचा दिसला नाही.

लेकीला सरळ विचारलं. "तुझ्या बाबांचं बाहेर काही होतं का?"

"आई!"

"मला सांगायचं नसेल तर नको सांगू. पण तुला माहीत असेल तर मला कळेलच."

नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, सर्दी झालीय, नंतर बोलते. या दिवसांत कसली सर्दी? तिला काहीतरी माहीत आहे.

शुक्रवार, २० मार्च

आज मिशीवाल्याला धरलं.

तो नेहमीसारखा पुढे निघाला तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "अहो, माझा पास राहिला."

"बघितला."

"कधी?"

"आत्ताच."

"तो माझ्या पिशवीत होता."

शेजारचा म्हातारा हसला. "बाईंना दंड भरायची हौस दिसतेय, साहेब. भरून घ्या."

मी पास त्याच्या नाकासमोर धरला. त्याने बघितला. म्हणजे डोळे त्यावर ठेवले. मग त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं हा आता खाली बसतो की काय. "ठीक आहे," म्हणाला, आणि दुसऱ्या डब्यात गेला. बाकीच्यांचे पास तपासलेच नाहीत. म्हातारा म्हणाला, "काय लिहिलंय हो त्या पासावर?"

दुपारी रेल्वेच्या ऑफिसातून फोन आला. त्या दिवशी शेवटच्या डब्यात असलेला तपासनीस कोण ते कळलंय. त्याने स्वतःच कबूल केलंय. तो ड्यूटीवर नव्हता, पण डोक्यावर रेल्वेची टोपी होती, म्हणजे जबाबदारी त्याची. साहेब म्हणाले, "तुमच्या सांगण्यावर बरंच अवलंबून आहे, बाई. तो हसत होता हे ठरलं तर नोकरी जाईल. घरचा एकटाच कमावता आहे असं म्हणतो. पण ते तुम्ही बघायचं नाही."

मी विचारलं, "त्याला मिशी आहे का?"

साहेब म्हणाले, "आहे."

फोन ठेवला आणि चहा केला. फार दिवसांनी चहाला चव लागली. हे असं वाटणं चांगलं नाही, हे मला कळतं. पण लागली.

रविवार, २९ मार्च

दिवसभर वाचायचा प्रयत्न केला. तेच पान पुन्हा पुन्हा. पूर्वी मी वाचत बसले की हे समोर बसायचे, नुसते. मी मान वर केली की म्हणायचे, "वाच, वाच." मला वाटायचं, बोलायला काही नाही म्हणून म्हणतात.

ती कोण असेल? मी बारीक विचार केलाय. परेडच्या दिवशीच भेटायची, म्हणजे तीही कामावर जाणारी. शेवटच्या डब्यात, म्हणजे लाइनच्या टोकाला राहणारी. तिने शिट्टी दिली असेल. काहीतरी खूण.

ती पुन्हा येणार. अशी माणसं जागा सोडत नाहीत. मी एप्रिलच्या परेडला त्या डब्यात जाणार आहे. मिशीवाल्याचं जे व्हायचं ते होईल, पण मला ती बघायचीच आहे.

रविवार, १२ एप्रिल

कालचं सगळं लिहिते. क्रमाने लिहिलं नाही तर माझाच गोंधळ होईल.

स्टेशनबाहेर एक कागदी टोपी घेतली आणि एका पोरीकडून गालावर पट्टा ओढून घेतला, म्हणजे मिशीवाल्याने ओळखू नये. ती पोरगी म्हणाली, "आज्जी, मस्त दिसताय." मी म्हटलं, "मस्त दिसायला नाही आले, कामाला आले."

संध्याकाळची गाडी लागली आणि मी शेवटच्या डब्यात घुसले. घुसले म्हणजे ढकलली गेले. जमीन सांडलेल्या दारूने चिकट, पाऊल उचललं की चपला चर्र करायच्या. एक जण वरच्या दांड्याला लोंबकळत होता. दोघे सीटवर उभे राहून छतावर ताल धरत होते. दाराशी चार धटिंगण दार बंद होऊ देत नव्हते, आणि दार बंद झाल्याशिवाय गाडी हलेना. एका बाईचं मूल घाबरून रडत होतं. मला वाटलं, इथे माझ्या माणसाला आणलं? रेडिओ बारीक करणाऱ्या माणसाला?

तेवढ्यात मिशीवाला आला. साधा शर्ट, डोक्यावर टोपी नव्हती. तो दाराशी उभा राहिला आणि त्याने तोंडात शिट्टी घालून दोनदा फुंकली.

अख्खा डबा खाली बसला.

जिथे होते तिथे. चिकट जमिनीवर, एकमेकांच्या पायांवर. लोंबकळणारा धपकन पडला आणि बसला. सीटवरचे बसले. दारातले चौघे बसले आणि दार बंद झालं. गाडी सुटली. मी एकटी उभी राहिले.

सगळे ओरडले, "मावशी राहिल्या! मावशी राहिल्या!"

शेजारी पिठाचा वास येणारा एक जाडा माणूस बसला होता. त्याने माझ्या पदराला धरून मला खाली ओढलं. "नवीन दिसताय. शिट्टी झाली की बसायचं. जो शेवटी बसेल त्याने पुढच्या स्टेशनपर्यंत दार सांभाळायचं. जाऊ द्या, तुमच्या जागी मी सांभाळतो."

तो बेकरीवाला होता, लाइनच्या टोकाला दुकान आहे. प्रत्येक स्टेशनाआधी शिट्टी, सगळे खाली. दारं मोकळी, उतरणारे उतरायचे, चढणारे चढायचे. मग उठायची शिट्टी आणि पुन्हा धिंगाणा. रडणारं मूलसुद्धा हसायला लागलं होतं, शिट्टीची वाट बघत होतं.

मी विचारलं, "ही कल्पना कोणाची? ह्या मिशीवाल्याची?"

"छे हो. हा आमचा नुसता हवालदार. कल्पना कप्तानची." त्याने हात छातीवर ठेवला. "पूर्वी या डब्यात दर परेडला कोणाचं ना कोणाचं डोकं फुटायचं. एका वर्षी एक माणूस दारातून पडता पडता राहिला. त्या दिवशी हा माणूस डब्यात होता. छोटासा, कोट घातलेला. तो काही बोलला नाही. नुसता मधोमध खाली बसला. लोक बघायला लागले, याला झालं काय. मग एक बसला, दुसरा बसला. पुढच्या वर्षी तो शिट्टी घेऊन आला. काय हसवायचा हो! प्यायचा नाही थेंब. पण नाचायला लागला की..."

"नाचायचा?"

"कोटाची टोकं अशी धरून."

मी त्याला पुढे बोलायला सांगितलं नाही. तोच बोलत राहिला. गाडी पुलावर आली होती.

"इथेच बसला तो, नोव्हेंबरात. शिट्टी न वाजवता. आम्हाला वाटलं, पहिल्या वर्षीसारखं करतोय. कप्तान बसला म्हटल्यावर सगळे बसले. हसतोय आम्ही, हा आता शिट्टी मारेल, आता मारेल. मग वळण आलं म्हणून आपणहून गप्प झालो. मग स्टेशन आलं. उठायची शिट्टी काही होईना."

बेकरीवाल्याने तोंड दुसरीकडे केलं. तेवढ्यात मिशीवाल्याने एक लांब शिट्टी मारली आणि सगळा डबा खाली बसून चिडीचूप झाला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्यायलेल्यांनीसुद्धा. चाकांचा आवाज तेवढा.

मी बाहेर बघितलं. वळणावर घरांची मागची बाजू येते. माझा दिवा मी लावूनच निघाले होते. माझी खुर्ची दिसली. खुर्चीवर पालथं ठेवलेलं पुस्तक दिसलं.

मी कुजबुजले, "गप्प का?"

"कप्तानचं घर आहे. बायको वाचत बसलेली असते. इथे आवाज करायचा नाही, असा त्याचा कायदा."

"आता कप्तान नाही ना."

"बायको आहे की."

माझ्या स्टेशनला मी उतरले. जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभी होते. नोव्हेंबरात त्या वेळी मी वाचत होते. मागून गाडी गेली तेव्हा मान वर केली नव्हती.

मंगळवार, १४ एप्रिल

परवा जे लिहिलं ते वाचून आज माझाच माझ्यावर विश्वास बसेना. सुनावणी आठवड्यावर आलीय. मिशीवाल्याची नोकरी माझ्या जिभेवर आहे. अशा वेळी तो काय करेल? मला त्या डब्यात येताना बघेल आणि सगळ्यांना शिकवून ठेवेल. शिट्टी, कप्तान, घर, सगळं. पुस्तकात असं असतं. जो फार सुंदर पुरावा समोर ठेवतो, त्यानेच तो तयार केलेला असतो.

चादर धरता धरता भोंग्याला सगळं सांगितलं. ती कोपरा हातात धरून बघतच राहिली.

"शंभर बेवड्यांना नाटक शिकवलं त्याने? माझ्या नवऱ्याला मी इतकी वर्षं चपला दाराबाहेर काढायला शिकवतेय."

"पण तो नाचतो, कोटाची टोकं धरून... हे आमचे नाहीत गं."

"का नाहीत?"

तिने चादर ओढली तशी मी ओढली. मग ती म्हणाली, "आणि तू वाचत बसतेस हे त्या बेकरीवाल्याला कोणी सांगितलं? रेल्वेने?"

हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग बाई नव्हती. बाई नव्हती तर सांगितलं का नाही? हा प्रश्न बाईपेक्षा वाईट आहे. बाई असती तर मला तिचा राग आला असता. आता कोणाचा राग करू?

शुक्रवार, १७ एप्रिल

संध्याकाळी स्टेशनवर त्याची वाट बघत थांबले. ड्यूटी संपवून तो उतरला, मला बघून थबकला आणि पळून गेला नाही. आम्ही बाकावर बसलो, मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.

"परेडला डब्यात ओळखलंत मला?"

"आधी नाही. गालाला पट्टा, वर टोपी. पण वळणावर सगळे मान खाली घालतात. तुम्ही एकट्याच बाहेर बघत होतात, वहिनी."

वहिनी म्हणाला. मी ते चालू दिलं.

"माझा पास का बघत नाही तुम्ही?"

"पासावर तुमच्या नावाच्या मधे त्यांचं नाव आहे ना. ते वाचलं की पुढचं काही दिसत नाही मला. त्या दिवशी तुम्ही नाकासमोर धरलात, मी पुढच्या डब्यात जाऊन नळाखाली तोंड धरलं."

"एवढं होतं तर येऊन बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमचे मिस्टर गेले तेव्हा मी हसत होतो, एवढंच माझ्याकडे आहे बोलायला."

एक गाडी आली आणि गेली. मग मी तो दुसरा प्रश्न विचारला. त्यांनी मला का नाही सांगितलं?

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "आम्ही खूपदा म्हणालो, वहिनींना आणा एकदा. म्हणायचे, ती वाचणारी बाई आहे. तिच्यासमोर मी असल्या माकडउड्या मारलेल्या बऱ्या दिसणार नाहीत. एकदा म्हणाले, तिने मान वर करून बघितलं की मला वाटतं मी तिचं वाक्य तोडलं."

मी पुस्तकांना लई मान दिला. ह्यांनी त्याहून जास्त दिला. आणि दोघांच्या मधे ते पुस्तक तसंच उघडं राहिलं. मी त्याच्यासमोर रडले नाही.

शेवटी विचारलं, "त्यांना त्रास झाला का?"

डॉक्टर म्हणाले होते, अजिबात नाही. लेक म्हणाली होती, बाबांना कळलंही नसेल. भोंगा म्हणाली होती, झोपेसारखं असतं. यातलं कोणी तिथे नव्हतं, आणि मी कोणाचंच खरं मानलं नव्हतं.

तो म्हणाला, "माहीत नाही, वहिनी. मी त्यांच्याकडे बघत होतो, पण हसत बघत होतो. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. मला वाटलं, नक्कल करतायत. झाला असेल त्रास. खोटं कशाला सांगू?"

सोमवारी माझ्या बोलण्यावर त्याची नोकरी आहे. 'त्रास नव्हता', एवढ्या दोन शब्दांनी मला शांत करता आलं असतं त्याला. आजवर भेटलेल्यात ते शब्द म्हणायची गरज याच एकट्याला होती, आणि याच एकट्याने ते म्हटले नाहीत.

घरी आल्यावर लेकीला फोन करून सगळं सांगितलं. कोटाची टोकं धरून नाचायचे हे सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला बोलता येईना, आणि मग रडली. मी म्हटलं, "सर्दी अजून आहे वाटतं." ती म्हणाली, "आई, तुला खरंच वाटलं होतं सर्दी होती?"

सोमवार, २० एप्रिल

सुनावणी झाली.

खोली लहान. टेबलापलीकडे साहेब, एका बाजूला चष्मेवाली बाई, एका बाजूला मिशीवाला, हात मांडीवर ठेवून, दाढी केलेला. पंखा आवाज करत होता. साहेबांनी तो बंद करायला लावला, म्हणजे सगळ्यांचं नीट ऐकू येईल.

चष्मेवाल्या बाईने बघितलं ते सांगितलं. ती खोटं बोलली नाही. माणूस खाली, भोवती सगळे बसलेले, हसणारे. मिशीवाल्याला विचारलं, तुम्ही हसत होतात का? तो म्हणाला, हो. साहेबांनी विचारलं, काही सांगायचंय? तो म्हणाला, नाही.

मग माझ्याकडे वळले. मी सांगितलं, माझ्या मिस्टरांना कोणी त्या डब्यात ओढलं नव्हतं. ते आपणहून जायचे. रंग आपणहून लावायचे. शिट्टी त्यांची होती. ते बसले की लोकांनी बसायचं, हे त्यांनीच लोकांना शिकवलं होतं, आणि त्यामुळे त्या दारातून कोणी पडलं नाही.

साहेब चांगला माणूस आहे, पण कामाला पक्का. म्हणाले, "बाई, तक्रार तुम्ही केलीत. महिनोन्‌महिने या ऑफिसात खेटे घातलेत. आता याच्याशी तुमचं बोलणं झालंय असं मला दिसतंय. कोणी दबाव आणला का?"

"माझ्यावर? माझी लेकसुद्धा आणू शकत नाही."

"मग मला एक सांगा. डबाभर माणसं. हा रेल्वेचा माणूस. समोर माणूस मरतोय, हे हसतायत. पूल गेला, वळण गेलं, स्टेशन आलं. कोणाला काही कळलं नाही, हे तुम्हाला पटतं?"

मी उत्तर घरून ठरवून आणलं होतं. दुसरंच होतं ते, लांबलचक. ते आठवेना.

मी म्हटलं, "साहेब, ते इतकी वर्षं माझ्या घरात होते. मला काही कळलं नाही. ह्या लोकांना एका पुलावर काय कळणार?"